पुढचा प्रवासी खुर्ची मागे टेकवतो तेव्हा: आई-बाबांच्या 16 तासांच्या विमानप्रवासाबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. आई-बाबा मुंबईहून न्यूअर्कला तुमच्याकडे येणार आहेत, थेट विमानानं, इकॉनॉमीत. बाबा 72 वर्षांचे, उंची सहा फूट, उजवा गुडघा दुखतो. आई 66 वर्षांच्या, उंची जेमतेम पाच फूट. मागच्या खेपेला बाबांच्या पुढच्या प्रवाशानं विमान वर जाताच खुर्ची मागे टेकवली, ती थेट उतरायच्या वेळीच सरळ केली. बाबा अवाक्षर बोलले नाहीत, पण घरी पोचल्यावर चार दिवस लंगडत होते. म्हणून तुम्ही विचारलंय की अशा माणसाला अडवायचा काही हक्क असतो का, खुर्ची मागे येऊ नये म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या क्लिपा लावाव्यात का, आणि बाबांसाठी व्हीलचेअर सांगितलीच आहे तर जादा पैसे भरून इमर्जन्सी दरवाजाजवळची सीटही घ्यावी का. शेवटी ओघात एक वाक्य लिहिलंय: आईचे पाय दोन दिवस सुजलेले होते, कारण "वाटेत कुणाला उठवायला नको म्हणून" तिनं पाणीच प्यायलं नाही.

मी 23 वर्षं केबिन क्रूमध्ये होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं लांब पल्ल्याच्या विमानांवर पर्सर, म्हणजे विमानातल्या क्रूची प्रमुख. आता नव्या मुलामुलींना शिकवते. तुमचा सगळा प्रश्न वाचून मी थांबले ती त्या शेवटच्या वाक्यापाशी. तुम्हाला बाबांच्या गुडघ्यांची काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. मला मात्र आईंची जास्त वाटते.

तुमच्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं अशी. अडवायचा हक्क नसतो, विनंती करायचा असतो. क्लिपा अजिबात नकोत. व्हीलचेअर घेतलेल्या प्रवाशाला इमर्जन्सी दरवाजाजवळ बसू देत नाहीत, त्यामुळे ते पैसे भरू नका. आता कारणं सांगते, कारण ती कळली की सीट कुठली घ्यायची ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

विमानातली जागा मोजायचं माप म्हणजे सीट पिच. एका खुर्चीवरचा एक बिंदू आणि मागच्या खुर्चीवरचा तोच बिंदू, यांच्यातलं अंतर. लांबच्या विमानांत इकॉनॉमीला ते बहुधा 31 ते 32 इंच असतं, स्वस्त कंपन्यांच्या छोट्या विमानांत 28-29 पर्यंत उतरतं. लोकांना वाटतं ही 31 इंच जागा पाय ठेवायला आहे. तसं नाही, त्यातच पाठीची जाडीही आली. सहा फुटी माणसाच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी त्यातून वजा करा, म्हणजे बाबांच्या वाट्याला काय उरलं ते दिसेल.

आता खुर्ची मागे जाते तेव्हा काय होतं? बिजागरी कमरेपाशी असते. म्हणून वरचं टोक चार ते सहा इंच मागे येतं, पण गुडघ्याच्या उंचीला पाठ फारशी हलत नाही. जागा कमी होते ती मागच्याच्या तोंडासमोरची: स्क्रीन नाकाशी येतो, ट्रेवर वाकता येत नाही, उठताना मान वाकडी करून निघावं लागतं. बाबा उंच असल्यानं त्यांचे गुडघे थोडे वर येतात आणि त्यांना त्या हलण्याचा त्रास जास्त होतो, हे खरं. पण पुढची खुर्ची पूर्ण सरळ असती तरी त्यांचे गुडघे टेकलेच असते. चार दिवसांच्या लंगडण्याला पुढच्या माणसापेक्षा दुमडलेला गुडघा सोळा तास तसाच ठेवणं जास्त कारणीभूत आहे.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, जिचे पैसे लागत नाहीत. बसल्याबरोबर पुढच्या खुर्चीचा खिसा रिकामा करायचा. पाण्याची बाटली, चष्म्याची केस, वर्तमानपत्र, औषधांचा डबा, सगळं लोक त्याच खिशात कोंबतात आणि तो खिसा बरोबर गुडघ्यासमोर फुगतो. बाटली काढली की गुडघ्याला इंच-दीड इंच जागा मोकळी होते. सेफ्टी कार्ड तेवढं राहू द्या. औषधं आणि चष्मा एका छोट्या कापडी पिशवीत घालून ती पिशवी मांडीशी ठेवली तर सोळा तासांत दहा वेळा वाकावंही लागत नाही.

खुर्ची मागे घ्यायची सोयच काढून टाका, असंही तुम्ही लिहिलंय. पुष्कळ जण असं म्हणतात. रायनएअरसारख्या कंपनीनं युरोपात ती काढलीच आहे, पण तिची बहुतेक उड्डाणं दोन-तीन तासांची असतात. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिक कंपनीनं 2008 च्या सुमारास लांबच्या इकॉनॉमीत वेगळी खुर्ची आणली होती. तिचं मागचं कवच जागचं हलायचं नाही आणि बसणारा आतल्या आत पुढे सरकून आडवा व्हायचा. मागच्याला त्रास शून्य. पण पुढे सरकलं की स्वतःचेच गुडघे समोर आपटायचे, प्रवासी कुरकुरले आणि काही वर्षांत त्या खुर्च्या बदलल्या गेल्या. रात्रभराच्या प्रवासात पाठ थोडी तरी मागे झुकली नाही तर कंबर भरून येते, आणि हे पुढच्या प्रवाशाला जितकं लागू आहे तितकंच तुमच्या आई-बाबांनाही. झोपेच्या वेळी बाबांनीही आपली खुर्ची मागे घ्यावी. सगळी रांग मागे गेली की तोंडासमोरचं अंतर पुन्हा पहिल्याइतकं होतं. मागच्या खेपेला बाबांनी ती घेतलीच नसणार, मागच्याला त्रास होईल म्हणून. बरोबर ना?

मला या भांडणाचं मनापासून वाईट वाटतं, कारण दोघांपैकी कुणाचीच चूक नसते. 1995 साली बोइंग 777 सेवेत आलं तेव्हा बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत एका ओळीत नऊ खुर्च्या बसवायच्या. विमानाची रुंदी तीच आहे, पण आज बहुतेक ठिकाणी ओळीत दहा बसतात. साडेअठरा इंचांची खुर्ची सतराच्या घरात आली. जागा कमी केली कंपन्यांनी आणि भांडतात पुढच्या-मागच्या रांगेतले दोन थकलेले प्रवासी. अमेरिकी संसदेनं 2018 मध्ये तिथल्या विमान प्राधिकरणाला खुर्च्यांची किमान मापं ठरवायला सांगितलं. त्यासाठी ओक्लाहोमा सिटीत विमान रिकामं करायच्या चाचण्या झाल्या, पण त्यांत भाग घेणारे सगळे 18 ते 60 वयाचे, धडधाकट. तुमच्या आई-बाबांच्या वयाचं, त्यांच्यासारख्या गुडघ्याचं त्यांत कुणीच नव्हतं.

नियम काय आहे ते नीट सांगते. टॅक्सी (म्हणजे विमान जमिनीवरून चालत असताना), टेकऑफ आणि लँडिंगला खुर्ची सरळ हवीच, कारण आग लागली तर अख्खं विमान 90 सेकंदांत रिकामं करता येईल, असं गृहीत धरून त्याला मान्यता मिळालेली असते आणि मागे टेकलेली खुर्ची वाट अडवते. बाकी वेळात खुर्ची मागे घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. जेवणाच्या वेळी सरळ करायची हा नियम नाही, रिवाज आहे. पण क्रू तो पाळायला लावतो, आणि बहुतेक लोक सांगितल्यावर लगेच ऐकतात. कितीतरी वेळा तर पुढच्याला मागच्याचं ताट आलंय याचा पत्ताच नसतो.

म्हणून बोलायचं. कसं, तर तक्रारीच्या सुरात नाही आणि बेमुदत नाही. "खुर्ची पुढे घ्या" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा आपल्याला सोळा तास सरळ बसवणार. "भाईसाहब, खाना होने तक सीट थोड़ी आगे कर लेंगे?" असं म्हटलं की त्याला कळतं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. मी क्रूला हेच शिकवते: मागणी करताना वेळ सांगा. खुर्ची अर्धी मागे घेतली तरी चालते, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. बटण दाबून जिथं सोडाल तिथं ती थांबते. "पूर्ण नको, थोडी चालेल" हा सौदा माझ्या अनुभवात जवळजवळ नेहमी जमायचा.

बाबांना स्वतः बोलायचं नसेल तर क्रूला बोलवावं. आपल्याकडच्या ज्येष्ठांना बेल दाबणं म्हणजे उर्मटपणा वाटतो. मी स्वतः पाहिलंय, एक आजोबा छतावरच्या बटणाकडे बोट न्यायचे आणि परत घ्यायचे. तिसऱ्यांदा मीच जाऊन विचारलं. त्यांना फक्त एक उशी हवी होती. बेल त्यासाठीच असते, हे मुलांनी निघण्याआधी त्यांना नीट समजावून सांगायला हवं. दोन प्रवासी एकमेकांशी चढ्या आवाजात बोलू लागल्यावर आम्हाला बोलावण्यापेक्षा आधीच बोलावलं तर आमच्या हातात पुष्कळ काही असतं. मागे रिकामी सीट असेल तर कळते, पुढच्याला हळू आवाजात विचारता येतं, कधी त्यालाच पाय पसरायला बरी जागा देता येते.

आणि उलटही. आई-बाबा स्वतः खुर्ची मागे घेतील तेव्हा आधी वळून बघायचं आणि हळू घ्यायची. माझ्या एका फ्लाइटवर पुढच्या तरुणानं बटण दाबून पाठ धाडकन मागे लोटली. मागच्या मुलीच्या लॅपटॉपचा पडदा ट्रेच्या वरच्या खाचेत अडकलेला होता. काच कडकन वाजली, मला दोन रांगा मागे ऐकू आलं. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, तो कितीदा सॉरी म्हणाला. पण न्यूअर्कला उतरेपर्यंत दोघांपैकी कुणीच झोपलं नाही.

क्लिपांबद्दल. "नी डिफेंडर" नावाची ती वस्तू 2003 मध्ये बाजारात आली. ट्रेच्या दांड्यांना अडकवली की पुढची खुर्ची मागे येत नाही. ऑगस्ट 2014 मध्ये न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एकानं ती लावली, पुढच्या बाईनं त्याच्यावर पाणी फेकलं आणि विमान शिकागोला उतरवून दोघांनाही खाली काढावं लागलं. बऱ्याच कंपन्यांनी ती बंद केली आहे आणि क्रू दिसताक्षणी काढायला सांगतो. भारतात तर 2017 पासून बेशिस्त प्रवाशांसाठी डीजीसीएचे, म्हणजे विमानवाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, तीन टप्पे आहेत: तोंडी गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतेल असं काही केलं तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त विमानबंदी. खुर्चीच्या पाठीवर गुडघ्यानं ढुशा देणं, हातानं ढकलणं, यातूनच पुढची पायरी येते. बाबांच्या हातात तसली वस्तू देऊ नका.

आता सीट. इमर्जन्सी दरवाजाजवळ पाय पसरायला भरपूर जागा असते म्हणून सगळ्यांचा डोळा तिच्यावर असतो. पण तिथं बसणाऱ्यानं वेळ आली तर दरवाजा उघडायला मदत करायची असते. व्हीलचेअर घेतलेला, गुडघ्याचा त्रास असलेला प्रवासी तिथं चालत नाही, चेक-इनला किंवा विमानातही त्याला उठवून दुसरीकडे बसवतात. आणि मग जी उरलेली असेल ती सीट, बहुतेकदा मधली. दोन्ही गोष्टी एकदम बुक करणारे मला दर आठवड्याला भेटायचे. शिवाय लांबच्या प्रवासात दाराजवळ थंडी फार असते.

भिंतीसमोरची, ज्याला आम्ही बल्कहेड म्हणतो, ती पहिली रांग तुमच्या कामाची आहे का? अर्धीमुर्धी. पुढे कुणीच नसल्यानं खुर्ची अंगावर येण्याचा प्रश्न मिटतो. पण पाय समोरच्या खुर्चीखाली सारता येत नाहीत, भिंतीला टेकतात. ट्रे आर्मरेस्टच्या आत असल्यानं आर्मरेस्ट वर होत नाही आणि खुर्ची आतून थोडी अरुंद भरते. टेकऑफ-लँडिंगला पर्सही वर ठेवावी लागते. आणि बाळांचे पाळणे त्याच भिंतीला लागतात. मुंबई-अमेरिका मार्गावर नातवंडांना घेऊन निघालेली मंडळी पुष्कळ असतात. तिथं झोप लागेलच असं नाही.

माझ्या मते तुमच्या आई-बाबांसाठी सगळ्यात चांगली सीट ती, जिच्यावरून उठताना अनोळखी माणसाला विचारावं लागत नाही. इंचांचा हिशोब त्यानंतर. खिडकीकडच्या तीन खुर्च्यांत खिडकी आणि मधली घेतली की आईल सीटवरचा, म्हणजे वाटेकडच्या खुर्चीवरचा, माणूस झोपला म्हणजे दोघंही अडकले. पाणी पिणं बंद तिथंच होतं. त्याऐवजी मधल्या पट्ट्यातली आईल सीट आणि तिच्या शेजारची घ्या. ओळीत दहा असोत की नऊ, मधल्या पट्ट्याला दोन्हीकडून वाट असते. पलीकडचे लोक पलीकडून उतरतात, आपले आपल्या बाजूनं. आईंना उठायचं झालं तर फक्त बाबांना हलवायचं, आणि तिथं संकोच कसला!

विमान 777 असेल तर शेपटीकडच्या शेवटच्या दोन-तीन रांगा आवर्जून बघा. तिथं विमान निमुळतं होतं आणि बऱ्याच विमानांत खिडकीकडे तीनऐवजी दोनच खुर्च्या उरतात, भिंतीशी हातभर मोकळी जागा राहते. नवरा-बायको जोडीनं जाणार असतील तर मी हीच जागा सुचवत आले. तोटेही सांगते: टॉयलेट आणि गॅली (क्रूची जेवण-चहा तयार करायची जागा) जवळ म्हणजे आवाज, उजेड, माणसांची ये-जा. टर्ब्युलन्समध्ये शेपूट जास्त हलते, आणि अगदी शेवटच्या रांगेची पाठ कधी कधी मागे जातच नाही. म्हणून शेवटची नको, तिच्या पुढची. एअरबस ए350 असेल तर ओळीत बहुधा नऊच खुर्च्या आणि रुंदी सुमारे 18 इंच, 787 मध्ये नऊ असूनही 17 च्या जरा वर. विमान कुठलं आहे ते तिकीट काढताना लिहिलेलं असतं, पण ऐनवेळी बदलूही शकतं. चेक-इनच्या दिवशी पुन्हा पाहा.

बाबांचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून वाट त्यांच्या उजव्या हाताला येईल अशी सीट निवडा. दर थोड्या वेळानं तो पाय सरळ करता येईल. पण ट्रॉली येताना आत घ्यायचा. भरलेली ट्रॉली 80 किलोंच्या वर जाते आणि ढकलणाऱ्या मुलीला खालचं पाऊल दिसत नाही. वाटेकडच्या आर्मरेस्टच्या खाली, मागच्या बिजागरीपाशी बऱ्याच विमानांत एक लपलेलं बटण असतं. ते दाबलं की आर्मरेस्ट वर जातो आणि दुखऱ्या गुडघ्याचा माणूस वळून, दोन्ही पाय बाहेर काढून उठू शकतो. सापडलं नाही तर क्रूला विचारा, आम्हाला ते ठाऊक असतं.

पैशांचं तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीत, म्हणून दोन्ही बाजू सांगते. प्रीमियम इकॉनॉमीत पिच साधारण 38 इंच असतं, बाबांच्या उंचीला तो फरक मोठा आहे. एकाच दिशेनं परवडत असेल तर भारतातून अमेरिकेकडे जाताना घ्या, कारण समोरच्या वाऱ्यामुळे तो प्रवास परतीपेक्षा लांबतो. प्रवास तोडायचा झाला तर लंडन किंवा फ्रँकफर्टवरून जवळजवळ दोन सारखे तुकडे पडतात, साधारण आठ ते दहा तासांचे. आखातातून गेलं तर तीन तास आणि मग तेरा-चौदा, म्हणजे लांबचा तुकडा लांबच राहतो. अर्थात मध्ये विमान बदलणं त्यांना झेपतं का आणि ट्रान्झिट व्हिसा लागतो का, यावर ते ठरेल. काहींना एकदाच बसून एकदाच उतरलेलं बरं वाटतं, आणि तेही चुकीचं नाही.

आता आईंबद्दल.

लंडनहून मुंबईला येणाऱ्या रात्रीच्या फ्लाइटवर एक आजी होत्या, खिडकीजवळ, नऊवारी नेसलेल्या. उतरायला अर्धा तास असताना त्यांनी मला खुणेनं बोलावलं. चप्पल पायात जाईना. मी खाली बसून पाय हातात घेतला. घोटा दिसतच नव्हता. अंगठ्यानं दाबलं तिथं खळगा पडला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. पैंजणाची कडी मांसात रुतली होती. नऊ तासांत किती वेळा उठलात म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, ती दोघं पोरं गाढ झोपली होती, कशाला उठवायचं त्यांना?" पाण्याचे तीन पेले भरलेले, तसेच झाकणासकट खिशात लावून ठेवलेले. त्यांची पुढची खुर्ची सबंध प्रवासात सरळ होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार तासांहून जास्त प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, असं त्यात आढळलं. मुळात तो धोका कमी आहे, निरोगी माणसांत साधारण सहा हजारांत एक, त्यामुळे घाबरून तिकीट रद्द करायचं कारण नाही. पण त्यातली एक गोष्ट मला आपल्या घरच्या बायकांसाठी फार महत्त्वाची वाटते. धोका जास्त असलेल्यांत 1.90 मीटरपेक्षा उंच माणसं होती, आणि 1.60 मीटरपेक्षा बुटकीही. 1.60 मीटर म्हणजे सव्वापाच फूट. तुमचे बाबा उंच असूनही त्या गटात येत नाहीत. आई येतात. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, खुर्चीची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या खोबणीत रुतते आणि तिथंच रक्त परतायची वाट दबते. खुर्ची बुटक्यांसाठीही बनवलेली नसते, हे कुणाच्या बोलण्यात येत नाही, कारण त्यांचे गुडघे कुठं आपटत नाहीत.

यावरचा उपाय साधा आहे. विमान वर गेलं आणि सीटबेल्टचा दिवा गेला की आईंच्या पायाखाली मऊ बॅग ठेवायची, गुडघे कमरेच्या किंचित वर येतील इतकी उंच. उतरायच्या आधी ती पुन्हा पुढच्या खुर्चीखाली सारायची. ट्रेला टांगायचे पायझुले विकत मिळतात, पण बऱ्याच कंपन्या लावू देत नाहीत, बॅगच बरी. विमानातलं ब्लँकेट गुंडाळून कमरेच्या खळगीत ठेवलं तर पाठीलाही आधार होतो. आई साडी नेसून येणार असतील तर परकराची नाडी सैल बांधायला सांगा. वर गेल्यावर पोटातला वायू फुगतो आणि घट्ट नाडीखाली कासावीस व्हायला होतं. सलवार-कमीज किंवा सैल पायजमा असेल तर उत्तमच. पैंजण, जोडवी घट्ट असतील तर घरीच काढून ठेवायची.

गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन सॉक्स, म्हणजे पोटरीला घट्ट दाब देणारे मोजे, दोघांनाही उपयोगी पडतील, पण माप सकाळी उठल्या उठल्या घ्या, सूज चढायच्या आत. बाबांना मधुमेह असेल किंवा पायांच्या धमन्यांचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर सॉक्सवर भागत नाही. ते डॉक्टरच ठरवतील. झोपेची गोळी मात्र दोघांनाही देऊ नका. गोळी घेतलेला माणूस पाच-सहा तास एकाच अवस्थेत पडून राहतो, आणि तेच तर टाळायचंय.

उठण्याचं वेळापत्रक मी ज्येष्ठांना घड्याळावर सांगत नाही, ते विसरतात. प्रसंगावर सांगते. प्रत्येक जेवणाच्या आधी एकदा, ट्रॉली निघण्यापूर्वी. प्रत्येक जेवणानंतर एकदा, ट्रे उचलले की. आणि मधल्या अंधाऱ्या तासांत जाग येईल तेव्हा दर वेळी. उठून मागच्या गॅलीपर्यंत जायचं, तिथं पाणी मागायचं, उभ्या उभ्या टाचा वीस वेळा वर-खाली करायच्या. रात्री तीन वाजता गॅलीत आलेल्या आजी-आजोबांशी गप्पा मारायला मला फार आवडायचं. मी शिकवलेल्या क्रूतल्या मुलीही आनंदानं पाणी देतील, चहाही करून देतील. पाणी दर वेळी पेलाभर पुरे, एकदम बाटली संपवायची गरज नाही. बरोबर नेलेला चिवडा आणि लोणचं बेतानं. मिठानं सूज वाढते.

मुंबईच्या विमानतळावर सिक्युरिटीनंतर बाटली भरून घ्यायला व्हीलचेअर ढकलणाऱ्याला सांगायचं. त्याला घाई असते, तो थेट गेटवर नेऊन बसवतो. तिथंही बोर्डिंग होईपर्यंत बसून राहू नये, जमेल तेवढं चालावं. व्हीलचेअर लांबच्या टप्प्यासाठी आहे, पाच पावलांसाठी नाही.

उतरल्यावर तुम्ही घ्यायला याल तेव्हा आईंचे पाय बघा. दोन्ही पाय सारखे सुजलेले असतील आणि दुखत नसतील, तर पाय उंच ठेवून, चालतंफिरतं राहून एक-दोन दिवसांत ते उतरतात. पण एकच पोटरी सुजली, गरम लागली, टेकवताना दुखली, किंवा छातीत दुखून धाप लागली, तर थांबू नका, लगेच इमर्जन्सीत न्या. हे उतरल्या दिवशीच होईल असं नाही, दोन-तीन आठवड्यांनीही होऊ शकतं आणि तोवर प्रवास सगळ्यांच्या डोक्यातून गेलेला असतो. तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक तारखेला सोळा तास विमानात बसून आल्या आहेत.